फौजीकाकांचं भेव

आमच्या गावातला सगळ्यात भित्रा माणूस फौजेतून रिटायर होऊन आला होता. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, ते स्वतःच तसं सांगायचे. कोणी विचारलं, "काका, तुमी तर फौजी, तुमाला कशाचं भेव?" की तंबाखू मळायचं थांबवून ते म्हणायचे, "मला सगळ्याचंच भेव वाटते बाबा. भेव वाटलं म्हनूनच तर वापस आलो." आणि पुन्हा तंबाखू मळायला लागायचे. गावाला मात्र आपला फौजी छातीठोक हवा होता. पंधरा ऑगस्टला त्यांना शाळेत पाहुणे म्हणून बोलवायचे, चार शौर्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील म्हणून. काका उभे राहायचे आणि मुलांना सांगायचे, की रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघा, विहिरीच्या काठावर बसू नका. हेडमास्तर टाळ्या वाजवायचे, दुसरं काय करणार बिचारे.

आमचं गाव डोंगरकडा नावाच्या मोठ्या गावाजवळ. काकांची सगळी नोकरी डोंगरातल्या अवघड रस्त्यांवर रसदीची गाडी चालवण्यात गेली. बंदुकीपेक्षा स्टेअरिंगच जास्त धरलं, असं ते म्हणत. पण तेवढ्यानं त्यांच्या अंगात जी भीती शिरली ती शिरलीच. एसटीत ते कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत आणि वसमत येईपर्यंत पायाखालच्या पत्र्यावर ब्रेक दाबत राहत. उतरल्यावर त्यांचा उजवा पाय दुखत असे. दिवाळीत फटाके सुरू झाले की काकू भाकरी बांधून घ्यायच्या आणि दोघं शेतातल्या आखाड्यावर, खोपीत जाऊन राहायचे. त्यांना याची लाज अजिबात नव्हती. लाज वाटायची ती आम्हा पोरांनाच, कारण आजूबाजूच्या गावांतले फौजी मिशीला पीळ देऊन फिरत होते.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा फौजेत गेला. बालाजी माझ्यापेक्षा लहान, अंगानं काटक. त्याची निवड झाली तेव्हा मी काकांना विचारलं, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत?" ते म्हणाले, "न्हाई म्हनायचंबी भेव वाटलं. लेकराच्या मनात एकदा बापाबद्दल अढी बसली की निघत न्हाई." बालाजीनं दर रविवारी दुपारी फोन करायचा असं ठरलं. इतर वेळी फोन वाजला तर काका त्याला हात लावत नसत. लांब उभे राहून म्हणत, "बघ गं, कोन हाय." काकू चुलीजवळून उठून येईपर्यंत त्यांचा चेहरा बघवत नसे. बहुतेक वेळा कोणीतरी कर्ज घ्या म्हणणारं असे.

मी वसमतला लग्नाचं शूटिंग करतो. लग्नं झाली की पावसाळ्यात डोकं रिकामं असतं, आणि रिकाम्या डोक्यात मी एक पिक्चर लिहून ठेवला. गावोगावची पोरं प्रेमाचे पिक्चर काढून मोबाइलवर टाकत होती, म्हणून मी ठरवलं की आपण युद्धाचा काढायचा. त्यासाठी लागणारी कोणतीच गोष्ट माझ्याजवळ नव्हती, पण हुरूप दांडगा होता. वर्द्या नांदेडहून नाटकांना कपडे भाड्यानं देणाऱ्याकडून आणल्या. बंदुका गावच्या सुतारानं बाभळीच्या लाकडाच्या करून दिल्या, त्या खऱ्या बंदुकीपेक्षा जड भरल्या असतील. आमच्या गावामागचा खडकाळ माळ म्हणजे सरहद्द. आणि धुरासाठी मी हळदीचा हंगाम गाठला. घरोघरी हळद शिजवायचे कुकर पेटलेले असतात, वाफेचे लोट उठतात, त्यात माणूस दहा हातांवर दिसत नाही. त्याच वाफेत आमची लढाई होणार होती.

काकांना मी सल्ला विचारायला गेलो. त्यांनी माझे संवाद शांतपणे ऐकून घेतले. माझा हिरो शत्रूच्या गोळीबारात उभा राहून मातृभूमीबद्दल पानभर बोलत होता. काका म्हणाले, "दिगू, येवढं बोलायला त्याला टाइम कोनं दिला?"

मी म्हटलं, "काका, पिक्चर आहे तो. जोश पाहिजे."

"जोश तर पाहिजे. पन उभं काहून राहून राहिला तो? त्याला आई न्हाई का?"

हा प्रश्न मी लिहिताना माझ्या मनात आलाच नव्हता. गजाननला, म्हणजे आमच्या हिरोला, आई होती. त्याचं गावात कापडाचं दुकान आहे, उंची आणि आवाज दोन्ही चांगले. सुमनबाई त्याची आई. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी गजाननला छातीत गोळी लागून तो पडणार, एवढं तिच्या कानावर गेलं, आणि ती भर उन्हात माळ चढून वर आली. हातात मीठ-मोहरी. तिनं सगळ्यांसमोर पोराची दृष्ट काढली आणि मला म्हणाली, "जखमी कर, हात मोडल्याचं दाखव, कायबी कर. मेल्याचं सोंग माझं लेकरू घेनार न्हाई."

मी समजावलं, की हे खोटं आहे, कट म्हटलं की तो उठून चहा पिणार आहे. ती म्हणाली, "देवाला काय माहीत, खोटं हाय म्हनून?"

हे वारं सगळ्या गावात पसरलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सैनिकांच्याही आया आल्या. मग मी शत्रूकडचे तरी मारू म्हटलं, तर शत्रूच्याही आया गावातल्याच होत्या. कफनासाठी आणलेल्या पांढऱ्या कपड्याला तर कोणी शिवू देईना. शेवटी आमच्या लढाईत दोन्हीकडून धडाधड गोळ्या सुटत, वाफ उठे, लोक ओरडत, आणि कोणीच मरत नसे. मी डोक्याला हात लावून बसलो. काका मात्र खूश होते. म्हणाले, "बराबर हाय त्या बायांचं. अशी लढाई असती तर मी अजून दहा वर्सं नोकरी केली असती."

माझा तर शेवटच गेला होता. हिरो शहीद झाल्याशिवाय युद्धपट संपणार कसा? मग मी पळवाट काढली. पडद्यावर मेलेला दाखवता येत नाही, तर ती बातमी गावाकडं बापाला फोनवर कळू द्यावी. बाप फोन उचलतो, ऐकतो, आणि ताठ उभा राहून सलाम करतो. सुमनबाईला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. आता बाप पाहिजे होता, पिकल्या केसांचा. मी गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांची नावं मनात धरून काकांकडं विचारायला गेलो. काकांना ती भूमिका विचारायची माझी छातीच नव्हती. ज्याचा मुलगा खरोखर सरहद्दीवर आहे त्याला असलं सोंग घ्यायला कसं सांगायचं?

काकांनी सगळं ऐकलं. अंगणात वाळत घातलेली हळद ते हातानं पसरवत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्या कोनाला सांगू नको. ज्याचं पोरगं घरी हाय त्याला काहून नवं भेव लावतो? मला सवय हाय. मी करतो."

काकू आतून सगळं ऐकत होत्या. त्यांच्या हातातली परात दाणकन खाली ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतरच्याच आठवड्यात सरहद्दीवरून बातम्या यायला लागल्या. टीव्हीवर दिवसभर लाल पट्ट्या, मोबाइलवर खऱ्याखोट्या चित्रफिती. पारावर बसणाऱ्या लोकांना अचानक तोफांची नावं पाठ झाली. रविवार आला आणि बालाजीचा फोन आला नाही. काकांनी तो दिवस फोनसमोर काढला. लोक धीर द्यायचे, "फोन बंद करून ठेवत असतील काका, सुरक्षेसाठी." काका मान हलवायचे. पुढचाही रविवार तसाच गेला. गावातल्या बायका काकूंशी बोलताना आवाज उतरवायला लागल्या, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. गजाननचं दुकान काकांच्या घरासमोर, तो म्हणाला, की काका दिवसभर आतबाहेर करतात आणि रस्त्यावर अनोळखी गाडी थांबली की दाराला कडी लावून घेतात.

एकदा मी माळावर लग्नातला ड्रोन उडवला, वरून लढाई घ्यायला. काका खाली बांधावर बसले होते. ती भिरभिर डोक्यावर आली आणि काका हळदीच्या वाफ्यात पालथे पडले. पोरं हसली. मी धावत गेलो. ते कपडे झटकत उठले आणि म्हणाले, "आमच्या टायमाला आवाज आला तर कोन्या अंगाला पळावं ते तरी कळायचं. बालाजीकडं हेच फिरून राहिलेत म्हने." मग कोणी हसलं नाही. मी तो ड्रोन त्या पिक्चरसाठी पुन्हा काढला नाही.

मी बापाचा प्रसंगच काढून टाकायला निघालो होतो. काकांना म्हटलं, शेवट बदलतो, तुम्ही घरी राहा. ते ऐकेनात. "घरी बसून जास्त भेव वाटते. तुमी चार मानसं आलात की तेवढंच बरं. आन् ठरलं ते करून टाक. लांबवलं की वाढत जाते." फक्त सलामाला त्यांनी साफ नकार दिला. "मी फोन उचलतो. मग तू बंद कर तुझा कॅमेरा. त्याच्याफुडचं माझ्याच्यानं होनार न्हाई."

दुपारची वेळ होती. काकांच्याच अंगणात, वाळत घातलेल्या हळदीच्या मधोमध आम्ही खाट टाकली. फोनही काकांचाच, तो बटणांचा, मोठ्यानं वाजणारा. दुसरा आणणार कुठून? मी हात वर केला की गजानननं कॅमेऱ्यामागून त्यावर फोन लावायचा, असं ठरलं होतं. शेजारच्या अंगणात हळदीला पॉलिश करायचा ड्रम फिरत होता, त्याची खडखड चालूच होती. ती मला हवीच होती, लढाईच्या प्रसंगात रणगाड्यांचा आवाज म्हणून लावायला. कॅमेरा सुरू केला. काका खाटेवर बसले, फोन समोर उशीवर ठेवला. मी अजून हात वर केला नव्हता, आणि फोन वाजला.

मी गजाननकडं बघितलं. त्याचा फोन त्याच्या खिशात होता. त्यानं मान हलवून नाही म्हटलं. काकांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हात रिकामे दाखवले.

त्यानंतर काकांनी जे केलं ते मी आजवर कोणत्याही नटाला करताना बघितलेलं नाही. खरं तर त्यांनी काहीच केलं नाही. ते फोनकडं बघत राहिले. उजवा हात गुडघ्यावरून थोडा उचलला, हवेत थांबवला, आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवला.  ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं धावत जाऊन तो फोन मीच उचलावा, पण मी कॅमेऱ्यामागंच उभा राहिलो. ज्याला मी पिक्चरमध्ये बातमी सांगायला निघालो होतो, त्याला ती खरोखरच येऊन पोचली असं माझ्या मनानं पक्कं धरलं होतं. फोन वाजून वाजून बंद पडला. काकांनी डोळे मिटले. फोन पुन्हा वाजला.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला पीठ होतं. त्यांनी तसाच फोन उचलला. "हां… कोन?" म्हणाल्या, आणि मटकन त्या हळदीतच खाली बसल्या. गजानननं माझा दंड घट्ट धरला.

"व्हय रे बाळा," काकू म्हणाल्या. "व्हय. हायेत ना. इथंच हायेत."

बालाजी होता. त्यांची तुकडी दुसरीकडं हलवली होती, फोन जमा करून घेतले होते, आणि आता कोणा दुसऱ्याच्या फोनवरून त्याला दोन मिनिटं मिळाली होती. काकूंनी फोन काकांच्या कानाला लावला.  काका एकदम ओरडले, "रविवारी काहून न्हाई लावला?" आणि ढसाढसा रडले. मीही रडलो, लपवायचं कशाला?

कॅमेरा सगळा वेळ चालू होता. मी ते चित्रण पुसून टाकतो म्हटलं, तर काका दुसऱ्या दिवशी म्हणाले, "राहू दे. पन मी उचलला असं दाखवू नको. मी उचललाच न्हाई." म्हणून आमचा पिक्चर तिथंच संपतो. खाटेवर बाप, समोर वाजणारा फोन, आणि काळा पडदा.

डोंगरकड्याच्या मंगल कार्यालयात दुपारी पडदे ओढून आम्ही तो दाखवला. मालकाच्या घरची सगळी लग्नं मीच शूट केली आहेत, त्यामुळे हॉल मिळाला. आता एवढ्या दिवसांनी सांगायला हरकत नाही, आमचा पिक्चर बराच वाईट आहे. रणगाड्यांचा आवाज आला आणि अख्ख्या हॉलनं ओळखलं, "पॉलिशचा ड्रम हाय!" शत्रूच्या चौकीमागं एकाची म्हैस चरताना दिसते. दोन्हीकडच्या वर्द्या सारख्याच, कारण त्या दुकानात एकाच रंगाच्या होत्या. गजानननं पानभर भाषण ठेवायला लावलंच, आणि त्या वेळी लोक उठून पाणी प्यायला गेले. एवढ्या गोळ्या सुटून कोणी मरत नाही याचंही लोकांना हसू आलं. वाफेतली माणसं मात्र खरी वाटतात. पुढं कोण आहे ते दिसत नाही, कोणीतरी धापा टाकतंय एवढंच ऐकू येतं. 

मग शेवटचा फोन वाजला. आधी कोणी तरी आपला खिसा चाचपला. नंतर बायकांच्या बाजूनं सुमनबाईचा आवाज आला, "उचलू नका, वो!" दुसरी म्हणाली, "नका उचलू, काका!" आणि एकदम सगळ्याच बायका ओरडायला लागल्या. पडदा काळा झाला तरी ओरडत होत्या. मी मागं वळून बघितलं. काका दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, ते उठून बाहेर गेले होते. मी मागोमाग गेलो, तर चपला घालत ते मला म्हणाले, "चांगला झाला रे पिक्चर. मी पुन्यांदा बघनार न्हाई."

बालाजी पुढं सुट्टीवर आला तेव्हा पिक्चर मोबाइलमध्ये भरून घेऊन गेला. काही दिवसांनी एका रविवारी मी काकांकडं बसलो असताना त्याचा फोन आला. तो सांगत होता, की बराकीतली पोरं पोट धरून हसली, बंदूक धरायची पद्धत बघून तर खाली लोळली. शेवटाला मात्र सगळे गप्प झाले. मग एक उठला, दुसरा उठला, आणि एकेकानं बाहेर जाऊन घरी फोन लावला. माझी छाती फुगली. एवढी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती. काकांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "येवढ्या पोरायनं अवेळी फोन लावला? आन् त्यायच्या घरच्यायचं काय झालं असंल, रे?"

परवाच्या उन्हाळ्यात काका गेले. जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. बालाजी तेव्हा सुट्टीवर घरीच होता, शेजारच्या खोलीत. सगळं त्याच्या हातून झालं. तेराव्यानंतर सुट्टी संपली, तेव्हा मी माझ्या गाडीतून त्याला आणि काकूंना वसमतच्या स्टँडवर नेलं. बस हलली. बालाजीनं खिडकीतून हात केला, काकूंनीही केला. बस वळणापार गेल्यावरही त्या तिथंच उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "काकू, काका सुखानं सुटले. आयुष्यभर ज्याचं भेव वाटलं, ते काही त्यांना बघावं लागलं नाही."

"व्हय, ते सुटले," काकू म्हणाल्या. "इतके दिवस आमी दोघं मिळून भेत होतो, दिगू. आता मला एकटीनं भ्यावं लागंन."